कुलूप कोण लावतं

डिंडोली, सुरत
५ ऑगस्ट २०२५

अप्पा,

फोन तुम्ही उचलत नाही. भाईदासकाकांच्या फोनवर करावा तर ते सांगतात, "तो वावरमा गयेल शे," आणि मागे तुमचा खोकला ऐकू येतो. म्हणून पत्र लिहिते. कितीही रागावलेला माणूस असला तरी पत्र त्याला हातात धरावं लागतं. फाडायचं असलं तर वाचून फाडा.

परवा गल्लीत कानबाईदेवी बसली. रोटांसाठी घरातल्या पुरुषमाणसांच्या नावाने धान्याच्या मुठी घालतात, तर तुमच्या घरी यंदा कोणाच्या नावाने घालणार, असं शेजारच्या सुंदराकाकूंनी मुद्दाम सगळ्यांसमोर विचारलं. आईने मान वरही केली नाही. "त्या गावले गयात, घरमाथून नई गयात," एवढंच तुमच्याबद्दल म्हणाली आणि तुमची मूठ घातली. सुंदराकाकूंना गप्प करणारी बाई या गल्लीत एकच आहे आणि नेमकं तिच्याशीच तुम्ही बोलत नाही.

भांडण उकरून काढायला बसलेली नाही मी. शेठने लूम भंगारात काढले, नव्या मशिनांवर नवी पोरं ठेवली, ते तुम्हाला लागलं, हे मला कळतं. ज्या लूमवर जन्म काढला तो टेम्पोत तुकड्यांनी भरताना बघणं सोपं नसणार. तुम्ही म्हणालात, चला गावी. आई म्हणाली, मी काम बघितलंय, मी येत नाही. तुम्ही म्हणालात, "ऱ्हानं व्हई तं ऱ्हाय," आणि उधन्याहून गाडीत बसलात. दिवाळी यायच्या आधीची गोष्ट, आता पुढची दिवाळी येईल. तेव्हापासून आई भेस्तानच्या बाजूला एका एक्स्पोर्टच्या युनिटमध्ये जाते. पडदे आणि उशांच्या खोळी शिवून आल्या की त्यांचे धागे कापायचे, इस्त्री करायची, पॅक करायचं. मजेत आहे. काळजी करू नका.

एक बातमी आहे. आई इंग्रजी शिकते आहे, माझ्याकडे, हौस म्हणून. मी भाकरी थापते आणि ती समोर बसून वाक्यं म्हणते. घरात आता उलटं चाललंय. पहिल्याच दिवशी म्हणाली, "मी गो मार्केट." म्हटलं, आई, तिथे 'आय' येतो. तर म्हणते, "मी म्हंजे मीच ना वं, उज्जू?" आता हिला काय सांगावं. इंग्रजांचा 'मी' म्हणजे आपलं 'मला'. शाळेत माझी पाचवी दरवर्षी याच खड्ड्यात पडते, आणि मी दरवर्षी ओरडून ओरडून घसा बसवून घेते.

आईवर ओरडता येत नाही. म्हणून अहिराणीतून सांगून पाहिलं. माले, तुले, त्याले, तिले, आम्हले, त्यासले. आपण मागे 'ले' जोडतो, ते काही जोडत नाहीत, सगळा शब्दच बदलून टाकतात. 'आय'चं 'मी' होतं, 'ही'चं 'हिम', 'वुई'चं 'अस'. आईने परातीच्या कडेचं पीठ खरवडलं आणि म्हणाली, "म्हंजे मानूस तोच, लुगडं बदलेल." दुसऱ्या दिवशी मी पाचवीला हेच सांगितलं, लुगड्याच्या जागी शर्ट घालून. वर्ग पहिल्यांदा माझ्याकडे बघत होता.

पत्र लिहिते आहे हे तिला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका, अर्थात तुम्ही सांगणार तरी कसे.

उज्ज्वला

डिंडोली
२४ ऑगस्ट

अप्पा,

पत्र पोचलं तर. काकांनी फोन करून विचारलं, "या वयमा इंग्रजी कसाले शिकी ऱ्हायनी ती?" काकांना आईच्या इंग्रजीचं काय पडलंय? प्रश्न कोणाचा आहे ते मी ओळखलं.

तर ऐका, वर्ग वाढला. सुंदराकाकू येतात, त्याही त्याच युनिटला आहेत. आणि मागच्या गल्लीतल्या मीराबाई येतात. तुम्ही त्यांना ओळखत नाही, तुम्ही गेल्यावर त्या इकडे राहायला आल्या. भुसावळकडच्या आहेत. त्या पॅकिंगला आणि त्यांचे मालक, भगवंतकाका, युनिटच्या गेटवर वॉचमन. भगवंतकाका इतके गरीब की आत येणाऱ्या कुत्र्यालाही 'अहो, बाजूला व्हा' म्हणतील.

मी त्यांना वाक्य करायला सांगते, कोण, काय करतं, कोणाला. वाक्यं त्या आपापली आणतात आणि सगळ्या एकाच गावची आणतात. कोण कोणावर ओरडलं, कोणी कोणाला थांबवलं, कोणी कोणाला कोंडलं. आईने एक दिवस म्हटलं, "वुई लॉक हिम." मी म्हटलं, आई, याचा अर्थ तुम्हीच त्याला कोंडता असा होतो. तिला 'ही लॉक्स अस' म्हणायचं होतं. सुंदराकाकू म्हणाल्या, "तसंच करू ना एक रोज," आणि तिघी पोट धरून हसल्या. त्या का हसल्या ते पुढे कधीतरी लिहीन.

तुमच्याबद्दलही वाक्य झालं. "देम आर इन व्हिलेज." दोन चुका. मी म्हटलं, एक तर तिथे 'देम' नाही, आणि अप्पा एकटे आहेत, एका माणसाला 'ही' म्हणायचं, 'हिम' म्हणायचं. आई म्हणाली, "एकला शेत म्हनीसन मान सोडी देवाना का?" वरून सुंदराकाकूंनी शंका काढली की 'ही' म्हणजे तर बाई. मी हात टेकले. अप्पा, आमच्या वर्गात तुम्ही कायमचे अनेकवचनी आहात.

मीराबाई मात्र नवऱ्याचं नाव फटकन घेतात. "भगवंत गिव्हज मी टी. आय गिव्ह हिम भाकरी." आई ऐकूनच पदर तोंडाला लावते. तुम्हाला माहीतच आहे, लग्नातल्या उखाण्यानंतर तिने तुमचं नाव कधी घेतलं नाही. रेशनवाल्यालासुद्धा ती मला पुढे करून सांगायला लावायची. नाव घेतलं की धन्याचं आयुष्य घटतं हे तिच्या डोक्यात आजीने बसवलेलं. मीराबाई तिला म्हणाल्या, "अहो बाई, नाव घेतल्यानं माणूस झिजत नाही. मी रोज घेते, आमचे भगवंत जाडच होत चाललेत." आई हसली, पण नाव नाही घेतलं.

ती फार जिद्दीने शिकते आहे, अप्पा. पहाटे डबा भरताना पुटपुटत असते. युनिटला जाताना रिक्षात पुटपुटते, बाजूच्या बायका सरकून बसतात. चौथी शिकलेली बाई या वयात परक्या भाषेशी अशी झटते, ते बघून कधीकधी मला माझ्या डिग्रीपेक्षा तिचंच कौतुक जास्त वाटतं.

उज्ज्वला

डिंडोली
१४ सप्टेंबर

अप्पा,

मागे मी हौस लिहिलं, मजेत लिहिलं. तुम्ही दूर बसून 'मी सांगत होतो' म्हणाल, या भीतीने तसं लिहिलं. आता काकांकडून तुम्ही पुन्हा तोच प्रश्न विचारलात, म्हणून खरं ते लिहिते.

आई जिथे काम करते त्या खोलीला जाळीचं शटर आहे. शिफ्ट सुरू झाली की सुपरवायझर त्याला बाहेरून कुलूप लावतो. कापड चोरीला जातं म्हणे, आणि बायका सारख्या बाहेर जातात म्हणे. लघवीला जायचं तरी जाळी वाजवायची आणि तो येईल तेव्हा जायचं. जुलैमध्ये इस्त्रीच्या टेबलाखाली वायर जळाली. आग लागली नाही, पण खोलीभर धूर झाला. आतून सगळ्या जाळी हलवत होत्या, ओरडत होत्या, आणि किल्ली ज्याच्या खिशात तो बाहेर रस्त्यावर चहा पीत होता. भगवंतकाकांनी गेटवरून पळत जाऊन त्याला हाताला धरून आणला. आई त्या दिवशी घरी आली तेव्हा तिच्या केसांना जळक्या रबराचा वास येत होता. मला म्हणाली, इस्त्री खराब झाली. खरं काय ते मीराबाईंनी सांगितलं.

युनिटच्या शेठकडे बोलून झालं. शेठ म्हणाले, बघतो. मग आईने ठरवलं की परदेशातून माल बघायला मॅडम येतात त्यांना सांगायचं. त्यांची कंपनी माल घेते, आणि घेण्याआधी कामगारांना कसं वागवतात ते विचारायला माणसं पाठवते. फेब्रुवारीत त्या मॅडम आल्या होत्या. आईने तेव्हाच हिंदीत सगळं सांगितलं होतं, कुलूप, जाळी, सगळं. सोबत ऑफिसातले एक भाई दुभाषी म्हणून बसले होते. आईचं एवढं लांब बोलणं संपल्यावर त्यांनी मॅडमना दोन शब्द सांगितले, "नो प्रॉब्लेम." एवढं इंग्रजी तर आईलाही येत होतं. ती तिथेच समजली की आपलं बोलणं या माणसाच्या तोंडातून पलीकडे जायचं नाही.

म्हणून इंग्रजी. सप्टेंबरअखेर मॅडम पुन्हा येणार आहेत. बाहेरच्या माणसाला, म्हणजे मला, आत जाऊ देत नाहीत, मी विचारून पाहिलं. आणि या सगळ्यात कोण कोणाला कोंडतं हे उलटसुलट होऊन चालणार नाही, म्हणून आम्ही महिनाभर तेवढंच घोटतो आहोत. बाकी व्याकरण वाऱ्यावर सोडलंय. आईला 'अस' इतका पक्का झालाय की परवा भाजीवाल्याला म्हणाली, "गिव्ह अस कोथिंबीर."

एक अडचण आहे आणि ती ऐकून तुम्हाला हसू येईल. त्या सुपरवायझरचं नाव हेमराजभाई. तुमचंच नाव. राजस्थानकडचा आहे, आडनाव कोणाला माहीत नाही, सगळे नुसतं हेमराजभाई म्हणतात. सगळे म्हणजे आई सोडून. ती त्याला 'तो किल्लीवाला' म्हणते, तोंडावर 'सायेब' म्हणते. मी म्हटलं, मॅडमनी नाव विचारलं तर? ती म्हणाली, बोट दाखवीन. मी म्हटलं, आणि बोट दाखवायला तो नसला तर? तिने विषय बदलून 'त्यासले'ला इंग्रजीत काय म्हणतात ते पुन्हा विचारलं.

तुम्ही 'सोड ते काम' असा निरोप पाठवाल. पाठवू नका. ती सोडणार नाही. म्हणते, "मी सोडसू, मंग दुसरी येई, तिले बी कोंडतीन."

उज्ज्वला

डिंडोली
२ ऑक्टोबर, दसरा

अप्पा,

गल्लीच्या तोंडाशी फाफडा-जिलेबीची रांग लागली आहे आणि आईने सोमवारपासून धड खाल्लेलं नाही. का ते सांगते, पण पहिल्यापासून.

सोमवारी मॅडम आल्या. सकाळीच जाळीचं कुलूप गायब झालं होतं, जाळीला झेंडूचं तोरण बांधलं होतं, आणि हेमराजभाईला त्या दिवशी सुट्टी दिली होती. कोणाकोणाशी बोलायचं त्यांची नावं ऑफिसने आधीच काढून ठेवलेली, सगळ्या नवीन, घाबरट पोरी. पण मॅडम स्वतः खोलीतून फिरल्या, तेव्हा आई कात्री खाली ठेवून त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. "मॅडम, प्लीज कॉल मी." मॅडम हसून म्हणाल्या, चला.

पुढचं मला आईने अर्धं सांगितलं आणि भगवंतकाकांनी उरलेलं.

कँटीनच्या खोलीत मॅडम, आई आणि तेच दुभाषी भाई. भाई म्हणाले, "बोलो मौसी, मैं बताता हूँ." आई मॅडमकडे बघून म्हणाली, "आय स्पीक. नॉट हिम." भाईंनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवला. मॅडमनी विचारलं, दार कधी बंद असतं का. आईने जे घोटलं होतं ते एकही शब्द न गाळता म्हटलं. "येस मॅडम. ही लॉक्स अस. फ्रॉम आउटसाइड. स्मोक कम. वुई शाउट. ही नॉट हिअर अस."

मॅडमचं पेन थांबलं. कोण कोंडतं, असं त्यांनी विचारलं. आई म्हणाली, सुपरवायझर. भाई लगेच मध्ये पडले, की सुपरवायझरकडे किल्लीच नसते, ही वॉचमनबद्दल बोलते आहे. आणि भगवंतकाकांना बोलावणं पाठवलं. काका टोपी हातात घेऊन आले. भाईंनी त्यांना हिंदीत विचारलं, "ताला तू ही लगाता है ना?" नाही म्हटलं तर ऑफिसचं वैर, हो म्हटलं तर केलेलं नाही ते अंगावर. आमच्या ओट्यावर बसून त्यांनी मला सांगितलं, बेटा, माझी जीभच उचलेना. मॅडम त्यांच्याकडे बघत लिहायला लागल्या.

"नॉट हिम," आई म्हणाली. मॅडमनी वर पाहिलं. मग कोण, नाव काय?

आता तुम्ही तुमच्या बायकोला ओळखता. तिने आधी सगळे आडमार्ग धुंडाळले. म्हणाली, "फॅट." म्हणाली, ओठांवर बोट फिरवून, मिशी. जाड आणि मिशीवाले तिथे अर्धे लोक आहेत. लिहून द्यावं तर मॅडमना मराठी वाचता येत नाही, वाचून दाखवणार तेच भाई. मग तिने तिच्या मते फार हुशारी केली. "सेम नेम. माय हजबंड."

मॅडम गोंधळल्या. "युअर हजबंड? ही लॉक्स यू?" आणि भाईंना आयतंच मिळालं. "येस मॅडम. फॅमिली प्रॉब्लेम." मॅडमनी पुढे होऊन आईच्या हातावर हात ठेवला. फार कनवाळू बाई असणार त्या. आई म्हणते, त्यांचे डोळे भरले होते, आणि दुसऱ्या हाताने त्या लिहीत होत्या.

म्हणजे बघा अप्पा. तुम्ही तिकडे गावी, आणि इकडे परदेशी कागदावर बायकोला कोंडणारा नवरा म्हणून तुमची नोंद होत होती. कुलूप राहिलं बाजूला, जाळी राहिली बाजूला.

आईने हात काढून घेतला आणि उठून उभी राहिली. भगवंतकाका म्हणतात, तिचा इतका मोठा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. "नो मॅडम. नॉट देम. देम गुड. देम नेव्हर लॉक मी." किती दिवस मी ते 'देम' खोडत होते. मी त्या खोलीत असते तर नसतं खोडलं. वर्षभर ज्या माणसाने फोन उचलला नाही, त्याच्याबद्दल ती भर ऑफिसात उभं राहून सांगत होती की तो चांगला आहे.

मग तिने पदर डोक्यावरून ओढून घेतला, खाली बघितलं, आणि म्हणाली, "हेमराज." मॅडमना नीट ऐकू गेलं नाही. म्हणून तिला पुन्हा म्हणावं लागलं, मोठ्याने. "सुपरवायझर हेमराज. ही लॉक्स अस. नॉट वॉचमन. नॉट माय हजबंड."

मॅडमनी आधीचं खोडलं आणि नवीन लिहिलं. भाईंना म्हणाल्या, तुम्ही बाहेर थांबा.

दुसऱ्या दिवशी जाळीचं शटर काढायला माणसं आली. आता तिथे आतून ढकलून उघडणारा दरवाजा बसणार आहे. हेमराजभाईला दुसऱ्या खात्यात टाकलं. काढलं नाही, तेवढी अपेक्षाही नव्हती. भगवंतकाका गेटवर आहेत. मीराबाई आईच्या गळ्यात पडून रडल्या. सुंदराकाकू गल्लीत सगळ्यांना आईचं इंग्रजी करून दाखवतात, आणि त्यांच्या तोंडून ते फार वाईट येतं.

मला काय वाटलं ते सांगू का? मी इतकी वर्षं शिकवते. माझ्या वर्गातलं एकही पोर इंग्रजीचं एक वाक्य घेऊन कोणासाठी उभं राहिलेलं नाही. माझी आई राहिली. तिचा अभिमान माझ्या छातीत मावत नाही, आणि तो सांगायला घरात दुसरं माणूस नाही.

ती मात्र सोमवारी घरी आली, अंघोळ केली, देवापुढे बसली आणि म्हणाली, "मना तोंडथून नाव निंघी गयं, उज्जू. त्यासले काही व्हवाले नको." मी म्हटलं, अगं, तू त्या सुपरवायझरचं घेतलंस. ती म्हणाली, "नाव तं एकच शे ना." मी समजावलं, मीराबाईंनी समजावलं, भगवंतकाका स्वतः येऊन उभे राहिले, की बघा, ही रोज नाव घेते माझं. काही उपयोग नाही. एक घास खाते आणि ताट सरकवते. मला एवढंच म्हणते, "त्या बरा शेत का, तितलं इचार."

म्हणून काल मी भाईदासकाकांना फोन केला. ते म्हणाले, शनिवारपासून तुम्हाला ताप आहे. शनिवार म्हणजे तिने नाव घ्यायच्या आधीपासून, हे मला कळतं. तिला कळणार नाही. ती फक्त ताप ऐकेल. मी तिला सांगितलेलं नाही. सांगितलं, बरे आहेत, वावरात आहेत.

अप्पा, मी आजवर काही मागितलं नाही. आता मागते. फोन करा. तिला तुमचा आवाज ऐकायचा आहे, बाकी कशाने तिचं समाधान व्हायचं नाही. तुम्ही केला नाहीत तर ती गाडीत बसून गावी येईल, बॅग तिने काढून ठेवली आहे. आणि ती अशी भिऊन तुमच्या दारात आली तर गावात सगळे म्हणतील की बाई शेवटी वळणावर आली. तुम्हीही कदाचित म्हणाल. जिने एवढं करून दाखवलं तिला चूक केल्यासारखं मान खाली घालून येताना मला बघवणार नाही.

उज्ज्वला

डिंडोली
११ ऑक्टोबर

अप्पा,

फोनवर जे झालं ते तुम्हाला माहीतच आहे. तुम्हाला दिसलं नाही तेवढं लिहिते.

गुरुवारी संध्याकाळी आई मेथी निवडत होती. फोन वाजला, नाव काकांचं होतं, म्हणून तिने सहज कानाला लावला. तुम्ही म्हणालात, "मी बोली ऱ्हायनू." तुम्हाला वाटलं असेल फोन कटला. कटला नव्हता. तिने हाताने फोनचं तोंड झाकून घेतलं होतं आणि श्वास घेत होती. मग हात काढून तिने एकदम विचारलं, "ताप उतरना का?"

मी जागच्या जागी गार. मी एवढी जपून लपवत होते आणि तिला नाव घेतल्याच्या दुसऱ्याच दिवसापासून माहीत होतं. भाईदासकाकांच्या घरच्या काकू तिला रोज दुपारी युनिटमध्ये फोन करून सांगत होत्या. उगीच नाही ती बॅग भरून बसली. मला तिने एका शब्दाने कळू दिलं नाही, मला वाईट वाटेल म्हणून.

तुम्ही ताप उतरल्याचं सांगितलंत, पत्रं वाचल्याचं सांगितलंत. तुमचा आवाज बसलेला होता, मला पलीकडून ऐकू येत होता. तुम्ही म्हणालात, बरं केलंस. आणि मग विचारलंत, "काय म्हनेल व्हती तू तठे? आते म्हन दखू."

त्यावर इकडे शांतता झाली ती रागाची नव्हती, अप्पा. तिने आधी मी कुठे आहे ते बघितलं. मी माठातून पाणी काढत असल्याचं सोंग केलं. मग तिने भिंतीकडे तोंड केलं आणि मेथीची एक काडी घेऊन तिचे बारीक बारीक तुकडे करत राहिली. कान लाल झाले होते तिचे. तुम्ही वाट बघत होतात, मीही बघत होते. शेवटी म्हणाली, "तठे कामनं व्हतं." तुम्ही हसलात, ते ऐकून तीही हसणार होती, पण तिने स्वतःला आवरलं. "घर या, मंग दखसूत," म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

नंतर ती जेवली. दोन भाकरी, मेथी, वर मिरचीचा ठेचा मागून घेतला. मला म्हणाली, आज अभ्यास नको, डोकं दुखतंय. मी वह्या तपासायला ओट्यावर जाऊन बसले.

थोड्या वेळाने आतून पुटपुटणं ऐकू आलं. मला वाटलं, राहवलं नाही, इंग्रजी घोटते आहे. मी पाणी प्यायच्या निमित्ताने दारापर्यंत गेले. ती पाठमोरी भांडी घासत होती. एक भांडं घासायची, थांबायची, हळूच तुमचं नाव घ्यायची, आणि पुढचं भांडं उचलायची. जरा मोठ्याने म्हणायला गेली तर आवाज अडायचा, मग पुन्हा पहिल्यापासून.

मी आत गेले नाही. या अप्पा, दिवाळीच्या आधी या. तिचा सराव चालू आहे.

उज्ज्वला